‘पावनखिंड’ पाहिल्यावर

फेब्रुवारी २०२२ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ लागला, तेव्हा शाळेतली पोरे घेऊन मी वर्ध्याला गेलो. सेवाग्रामच्या शेजारी वाढलेला मी मास्तर. ढालतलवारीच्या खणखणाटाने हुरळून जाणारा नव्हे. पार्श्वसंगीताने अधूनमधून उसंत घेतली असती, तर कानांना बरे वाटले असते, हेही सांगून टाकतो. पण अजय पूरकरांचा बाजीप्रभू विसरता येत नाही. घोडखिंडीत तो शत्रू मारायला उभा नाही, वेळ मिळवायला उभा आहे. राजे विशाळगडी पोचेपर्यंत वाट अडवायची, एवढेच त्याचे काम. हे ध्यानात आले की प्रत्येक वाराला अर्थ येतो.

परतताना सातवीतल्या एका पोराने विचारले, “गुरुजी, पालखीत बसताना शिवा काशीद भ्याला असेल का?” सिद्दी जौहरच्या वेढ्यातून राजे निसटावेत म्हणून राजांचा वेश घेऊन निघालेला, पुढे मरण आहे हे ठाऊक असलेला तो नाभिक! वीस वर्षे मी हा धडा शिकवतो आहे. १३ जुलै १६६० ही तारीख पोरांकडून घोकून घेतली. पण हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

“भ्याला असेल रे,” मी म्हणालो, “तरी बसला.”

पोरगा गप्प झाला. मीही. माझ्या धड्याने जे झाले नाही, ते या चित्रपटाने केले.