एरंडाचे गुऱ्हाळ

वडिलांच्या पश्चात नगरचे घर धाकट्या भावाने बळकावले आणि बायबल माझ्या वाट्याला आले. त्यामुळे ते रोज वाचण्यात भक्तीपेक्षा वसुलीचा भाग अधिक आहे, हे कबूल केलेले बरे. एकूण अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पारायण पुरे होते.

वंशावळींच्या पानांवर डुलकी लागते, मोजमापांच्या पानांवर जांभई येते. पण योनाचे पुस्तक आले की मी चष्मा पुसून घेतो. अवघे चार अध्याय, ४८ वचने! आमच्या सोसायटीच्या सभेचा वृत्तांतसुद्धा याहून लांब असतो. लोकांना त्यातला मासा तेवढा आठवतो. खरी गंमत माशाच्या पोटाबाहेर आहे.

बघा ना. देव म्हणतो, निनवेला जा. हा संदेष्टा याफो बंदरात रीतसर भाडे भरून नेमके उलट दिशेचे जहाज पकडतो. वादळ देवाचे ऐकते, मासा ऐकतो, परके खलाशीसुद्धा प्रार्थना करतात. ऐकत नाही तो एकटा देवाचा माणूस! शेवटी निनवेत जाऊन तो एका वाक्याचे प्रवचन देतो, की चाळीस दिवसांत शहराचा निकाल लागणार. तेवढ्यावर राजापासून रंकापर्यंत सगळे पस्तावतात. गुराढोरांनाही उपास, अंगावर गोणपाट! तास तास एरंडाचे गुऱ्हाळ चालवणाऱ्या आमच्या वक्त्यांनी हे जरूर वाचावे.

देव शिक्षा रद्द करतो आणि योनाला राग येतो. निनवे ही वैऱ्यांची, अश्शूऱ्यांची नगरी. तिला माफी कसली? तो गावाबाहेर रुसून बसतो. देव एका रात्रीत त्याच्यावर सावलीचे झाड वाढवतो, दुसऱ्या पहाटे कीड लावून वाळवतो. झाले! योना म्हणतो, आता मेलेले बरे.

हे झाड कोणते, यावरही भांडण झाले आहे. जेरोमने लॅटिन भाषांतरात नेहमीच्या भोपळवेलीच्या जागी आयव्ही घातला. आजच्या लिबियातल्या एका मंडळीत तो वाचताच लोकांनी गोंधळ घातला, असे ऑगस्टिनने त्याला इ.स. ४०३ च्या सुमारास कळवले. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तो एरंड असावा. ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण योनाला ठाऊक नसणार. लेखकाचे कौशल्य असे, की शहर वाचले म्हणून चिडलेला माणूस एका एरंडासाठी मरायला निघतो आणि आपण त्याला हसतो.

मीही दर वर्षी हसत असे. यंदा मोठ्याने हसलो. आमची ही भाजी निवडत होती.

"अहो, गच्चीतला गोकर्ण वाळला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता तुम्ही."

"त्याचे काय?"

"काही नाही. भावजी महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा दोन्ही वेळा व्यवस्थित जेवलात."

मी पान उलटले. पण योना तिथेच संपतो, पळायला पाचवा अध्याय नाही. शेवटी देव त्याला एवढेच विचारतो, की तुला झाडाची कीव येते, मग डावे-उजवे न कळणारी एक लाख वीस हजार माणसे आणि पुष्कळ गुरे असलेल्या शहराची मला येऊ नये का? योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही. मी इतकी वर्षे याला शेवट साधण्याची कला म्हणत होतो. ती जागा वाचणाऱ्यासाठी सोडलेली असते, हे त्या दिवशी कळले.

भावाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. हिच्याकडे होता, अकरा वर्षे होता.

"घराचा विषय मी सोडलेला नाही," मी बजावले.

"नका सोडू," ती म्हणाली, "पण आधी तब्येत विचारा."