मिंटेजचा रकाना आणि काकूंचा रुपया

नाण्यांच्या किंमतपुस्तिकेतल्या एका रकान्याबद्दल लिहितो आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करावी लागेल.

आमच्या मंडळात येणाऱ्या काचीगुड्याच्या एका काकूंनी पाचेक वर्षांपूर्वी यजमानांचा नाण्यांचा डबा मला दाखवला. त्यात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया होता. मी क्राउझ-मिशलरचा जाडा कॅटलॉग उघडला. मिंटेज सुमारे ९४ लाख. म्हटलं, "काकू, लाखांनी पाडलाय, साधा आहे." शेजारच्या किमतीच्या रकान्याकडे नीट पाहिलंही नाही. काकूंनी तो चारकमानला चांदीच्या भावात देऊन टाकला.

हाच तो 'डुकराचा रुपया'. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने नाणं आवरतं घेतलं. ९४ लाखांपैकी बाहेर पडले ते फक्त सातेक लाख, बाकीचे वितळवले. म्हणजे पुस्तकातला आकडा खोटा नव्हता. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

माझी उमेद कारखान्यात गेली. तिथे उत्पादनाची वही वेगळी, माल रवाना झाल्याची वेगळी, आणि 'आज किती यंत्रं चालू आहेत' ही माहिती तर बहुधा कुणाकडेच नसते. किंमतपुस्तिका या तीन गोष्टी एका रकान्यात बसवतात आणि वर एकच शब्द लिहितात, मिंटेज. वाचणारा त्याचा अर्थ 'आज किती आहेत' असा लावतो, कारण शेजारीच किंमत छापलेली असते. माझी तक्रार या मांडणीबद्दल आहे. वजन, धातू, छाप ओळखणं यासाठी या पुस्तकांना तोड नाही, १९७२ पासून जगभरचे संग्राहक त्यांच्यावर चालले आहेत, हे मान्यच.

दुसरी गोम सालाची. नाण्यावरचं साल आणि नाणं पाडल्याचं साल एकच असतं असं आपण धरून चालतो. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. तेच साल कोरलेले रुपये पार १८७४ पर्यंत पाडले जात होते. खरं वर्ष हुडकायचं तर ठिपके मोजत बसा!

पण खरा गुंता आपल्या हैदराबादेत आहे. निजामाच्या चारमिनार रुपयावर हिजरी साल असतं आणि सोबत जुलूस, म्हणजे गादीवर आल्यापासूनचं वर्ष. संस्थानाचा कारभार मात्र फसली सालावर चालायचा. ते साल १ आझुरला, म्हणजे ६ ऑक्टोबरला सुरू होई. हिजरी वर्ष चांद्र, दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे दोघांची सांगड दरवर्षी थोडी थोडी सरकते.

फसली १३२० घेऊन पाहू. ६ ऑक्टोबर १९१० ते ५ ऑक्टोबर १९११. यात हिजरी १३२८ चे शेवटचे तीनेक महिने आले आणि १३२९ चे पहिले नऊ. शिवाय २९ ऑगस्ट १९११ ला महबूब अली खान वारले आणि उस्मान अली खान गादीवर आले. म्हणजे एकाच फसली सालात दोन हिजरी सालं आणि दोन निजाम! महबूब अलींच्या रुपयावर चारमिनारच्या दारात 'मीम' आहे, उस्मान अलींच्या रुपयावर 'ऐन'. त्यातही सुरुवातीच्या नाण्यांवर ऐनची दोन रूपं दिसतात, एक आखूड आणि एक पूर्ण. फसली अहवालातला वर्षाचा एकूण आकडा उचलून हिजरी १३२९ समोर लिहिला, तर तो नक्की कुठल्या रुपयाचा? म्हणून अशा सालासमोर आकडा दिसला, की तो कुठल्या पंचांगातून आला हे आधी विचारावं. पुस्तक ते सांगत नाही.

आता उरले किती, हा प्रश्न. हाली सिक्का १९५९ पर्यंत चालला. त्या रुपयात ८१.८ टक्के चांदी. चलन बंद झाल्यावर किती रुपये गुलझार हौजच्या आसपासच्या मुशींत गेले, त्याची नोंद कोण ठेवणार? ब्रिटिश रुपयांचंही तेच. १९४१ ते १९४३ या काळात जुने ९१.७ टक्के चांदीचे रुपये सरकारने एकेका राजाचे करत चलनातून काढले.

अमेरिकेत तर १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानासाठी. तिकडच्या पुस्तकांत त्या डॉलरांचे मिंटेज आजही दिमाखात छापलेले असतात. त्यांतले कित्येक आपले रुपये होऊन बसले!

मग धरायचं काय? माझ्या मते किंमत आधी पाहावी, मिंटेज नंतर. दोघांचा मेळ बसत नसेल तर तिथे गोष्ट दडलेली आहे असं समजावं. ९४ लाखांसमोर चढी किंमत दिसली होती, तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

काकूंना हे सगळं मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे हो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" डबा मात्र त्यांनी आता माझ्याकडेच ठेवायला दिलाय. त्यात अकरा चारमिनार रुपये आहेत. साल, जुलूस आणि दारातलं अक्षर यांची यादी मी सुरू केली आहे. सभासदांनी आपापल्या घरातले रुपये पुढच्या बैठकीला आणावेत, ब्रासोने घासू मात्र नयेत. अकरापैकी दोन १३२९ चे निघालेत, एकावर मीम आणि एकावर ऐन.