आंबणे, आंबवणे आणि किण्वन : जीवरासायनिक अभियांत्रिकीच्या अध्यापनातील भाषेचा प्रश्न

रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात जीवरासायनिक अभियांत्रिकी हा विषय बहुधा शेवटच्या वर्षांत येतो. तोवर विद्यार्थी द्रवांचे प्रवाह, उष्णतेचे वहन आणि रासायनिक प्रक्रियांचे वेग एवढे शिकलेला असतो. पात्रात घातलेला पदार्थ अमुक वेगाने दुसऱ्या पदार्थात पालटतो, हे त्याच्या विचाराचे सूत्र होऊन बसलेले असते. नव्या विषयात या सूत्रास धक्का बसतो. येथे पालट घडवून आणणारा जिवंत असतो. तो खातो, वाढतो आणि मरतो. हा धक्का विद्यार्थ्यापर्यंत नीट पोहोचविणे हेच या विषयाच्या अध्यापनाचे मुख्य काम होय. मराठी परिभाषा या कामी कितपत साह्यभूत होते, याची परीक्षा करणे अवश्य झाले आहे.

प्रश्न केवळ कोशकारांपुरता नाही. पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळच्या उरवडे येथे प्राज इंडस्ट्रीजचे ‘प्राज मॅट्रिक्स’ हे संशोधन केंद्र आहे. ऊस, धान्य आणि शेतातील काडीकचरा यांपासून इथेनॉल व अन्य द्रव्ये करण्याच्या रीती तेथे अभ्यासिल्या जातात. त्याच संस्थेने २०१७ साली दौंड तालुक्यात काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे हा उद्योग मराठी मुलखाच्या अंगणात उभा आहे. त्याचे ज्ञान मात्र इंग्रजीत आहे. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांस अभियांत्रिकीची पदवी मराठीसह अन्य भारतीय भाषांतून शिकविण्यास मान्यता दिली. मुळशीच्या एखाद्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलास या विषयाचे दार आपल्या भाषेतून उघडणार की एका परभाषेच्या जागी दुसरी परभाषा येणार, हे पुष्कळ अंशी परिभाषेवर अवलंबून राहील.

या विषयातील मध्यवर्ती संज्ञा किण्वन ही होय. संस्कृतात किण्व हा शब्द जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणी तो आला आहे. त्यापासून किण्वन, किण्वक, किण्वित असे शब्द सहज सिद्ध होतात. शास्त्रीय संज्ञेस लागणारी ही साधनक्षमता मोलाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या कानी किण्व हा शब्द कधी पडलाच नाही, त्यास किण्वन ही केवळ एक पाटी आहे. आत काय आहे ते पाटीवरून कळत नाही.

याउलट मराठीच्या घरगुती शब्दसंग्रहात या व्यापारासाठी एक सूक्ष्म भेद आयता पडून आहे. पीठ आंबते, पीठ आंबवितात. पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे त्याचे प्रयोजक रूप. आंबणे आपोआप घडते. आंबविण्यास कर्ता लागतो, त्याचा हेतू लागतो, वेळ आणि ऊब राखावी लागते. सूक्ष्मजीवशास्त्र आंबण्याचा विचार करते, तर अभियांत्रिकी आंबविण्याचा. एका प्रत्ययात दोन शास्त्रांच्या सीमा सांगणारी ही सोय किण्वन या नामात लोप पावते.

या लोपाचा परिणाम गणितापर्यंत जातो. पुढील दोन वाक्ये पाहावीत. ‘किण्वनाद्वारे शर्करेचे मद्यार्कात रूपांतरण होते.’ ‘यीस्ट साखर खाते, खाऊन वाढते आणि मद्यार्क बाहेर टाकते.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण पहिल्यात कर्ता उरलेला नाही. हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी रूपांतरणाचा वेग केवळ साखरेच्या प्रमाणावर बसवील, तर त्यात आश्चर्य नाही. सामान्य रासायनिक प्रक्रियेत त्याने तेच केलेले असते. दुसरे वाक्य ऐकलेला विद्यार्थी विचारील, की यीस्ट किती आहे? हाच योग्य प्रश्न होय. जेथे पेशी वाढत असतात तेथे वाढीचा वेग आधी असलेल्या पेशींच्या प्रमाणात असतो. साखर केवळ त्या वेगास वेसण घालते. झाक मोनो याने विसाव्या शतकाच्या चाळिशीत मांडलेल्या समीकरणाचा गाभा एवढाच आहे.

हेच अखंड चालणाऱ्या पात्रासंबंधी म्हणता येईल. समजा, यीस्टची संख्या दोन तासांत दुप्पट होते. तिचा वाढीचा दर ताशी सुमारे ०.३५ येतो. पात्रातील द्रव सरासरी २.९ तासांपेक्षा कमी काळ आत राहिला, तर पेशी जन्मतात त्याहून अधिक वेगाने बाहेर जातात आणि पात्र रिकामे पडते. यास पेशींचे वाहून जाणे असे म्हटले, तर पावसाळ्यात भातखाचराचा बांध फुटलेला पाहिलेल्यास अधिक सांगावे लागत नाही. ‘निष्कासन’ म्हटले, की पुन्हा कर्ता कोण व कर्म कोण याचा घोळ सुरू होतो.

बोलीतील शब्दांचा असा साठा लहान नाही. साखर कारखान्यामुळे उतारा हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. शंभर भाग उसातून किती साखर आली, हा त्याचा अर्थ. पात्रातील साखरेतून मद्यार्क किती आला, यासही तोच शब्द चालतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून अधिकात अधिक ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते, म्हणजे उतारा शेकडा ५१. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. विरजण हा शब्दही तसाच. लहान पात्रात वाढविलेले जिवाणू मोठ्या पात्रास आणि तेथून त्याहून मोठ्या पात्रास लावणे हे विरजण लावणेच होय. संस्कृतात विरजणास आतंचन म्हणतात. एंझाइमासाठी योजलेला वितंचक हा शब्द त्याच धातूचा आहे. पण हे नाते कोणी दाखवून दिल्यावाचून दिसत नाही. विकर, वितंचक आणि एंझाइम अशी तीन नावे मराठीत वावरत असल्याने विद्यार्थ्याचा गोंधळ तेवढा वाढतो.

तथापि बोलीचा पक्षही निर्दोष नाही. आंबणे या शब्दास आंबटपणा चिकटलेला आहे, मद्यार्क किंवा पेनिसिलिन यांस तो लागू नाही. ‘आंबलेले’ म्हणजे नासलेले असाही भाव त्यात आहे. शिवाय मूळ संज्ञेतच दोन अर्थ आहेत. पाश्चरच्या दृष्टीने किण्वन म्हणजे हवेवाचून चालणारे जीवन. उद्योगात मात्र पात्रात सूक्ष्मजीव वाढवून द्रव्य मिळविण्याच्या कोणत्याही रीतीस ते नाव मिळाले. पेनिसिलिनची बुरशी हवेवाचून जगत नाही. ३० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात हवेतील ऑक्सिजन जेमतेम ७.५ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणून तेथे अखंड हवा सोडणे आणि द्रव घुसळणे हीच अभियंत्याची खरी कसोटी ठरते. हा अर्थभेद न घरगुती शब्द दाखवितो, न संस्कृत. तो अध्यापकानेच स्पष्ट केला पाहिजे.

निर्जंतुक या शब्दाची गत आणखी बोधप्रद आहे. २०२० सालच्या साथीत रस्ते व इमारती ‘निर्जंतुक’ करण्यात आल्याचे सर्वांनी वाचले. व्यवहारात तो शब्द ‘जंतू कमी केलेले’ एवढ्यावर येऊन थांबला. अभियंत्यास मात्र एकही जिवंत पेशी न राहणे अभिप्रेत असते, आणि तेही संभवाच्या भाषेत : हजार खेपांत एखादीच खेप बिघडावी, असा हिशेब धरून तो उष्णता व वेळ ठरवितो. येथे परिचित शब्दच वाट चुकवितो. अपरिचित संज्ञा बरी ठरली असती.

तात्पर्य, परिचित शब्द की घडविलेला शब्द, असा वाद मांडणेच चुकीचे आहे. परीक्षा शब्दाच्या कुळाची नसून त्याच्या कामाची व्हावी. शब्द कर्ता दाखवितो काय, परिमाण दाखवितो काय, जुन्या अर्थाने फसवितो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक संज्ञेस विचारावेत. अध्यापनाचा क्रमही त्यावरून ठरतो. आधी क्रियापदांची वाक्ये यावीत, त्यांतून समीकरण निघावे, आणि मग त्या साऱ्यास किण्वन हे नाव द्यावे. आजचा क्रम उलटा आहे. नाव व व्याख्या प्रथम येते आणि घटना शेवटी, कित्येकदा येतही नाही. परिभाषा समित्यांनी शब्दांच्या याद्यांबरोबर प्रत्येक संज्ञेची दोन-तीन चालती वाक्ये दिली, तरी पुष्कळ साधेल. एकटा शब्द कोशात शुद्ध ठरतो. तो शिकविण्याजोगा आहे की नाही, हे वाक्यातच कळते.