प्रेरणा आणि उलटतपासणी

बायबलची ऐतिहासिक चिकित्सा हे ईश्वरप्रेरित कार्य आहे, असे श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्यास म्हणता येईल काय? स्कॉटलंडात हा प्रश्न अभियोगाच्या रूपाने उभा राहिला, म्हणून आम्हां वकिलांस त्याचे कुतूहल अधिक.

विल्यम रॉबर्टसन स्मिथ हे अॅबर्डीन येथील फ्री चर्चच्या विद्यालयात हिब्रूचे अध्यापक होते. १८७५ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त त्यांचा ‘बायबल’ हा लेख आला. मोशेच्या नावावर चालत आलेले ‘अनुवाद’ हे पुस्तक मोशेच्या हातचे नव्हे, असे प्रतिपादन त्यात होते. धर्मसभेत वर्षानुवर्षे वाद माजला. १८८० मध्ये ताकीद देऊन त्यांना सोडण्यात आले; पण लगोलग त्यांचा दुसरा एक लेख बाहेर पडला आणि १८८१ मध्ये अध्यापकपद गेले. उपदेशकाचा अधिकार मात्र राहिला. अपराध शाबीत न करता शिक्षा देण्याची ही तऱ्हा आमच्या कोर्टांत टिकली नसती!

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा व्याख्यानसंग्रह, ‘द ओल्ड टेस्टामेंट इन द ज्यूइश चर्च’, हा खरा बचावाचा कागद. चिकित्सा ही श्रद्धेची वैरीण नसून धर्मसुधारणेचेच पुढचे पाऊल आहे, अशी त्यांची बाजू. देव इतिहासात बोलला असेल तर त्या इतिहासाचा कसून तपास करणे हे भक्ताचे कर्तव्यच ठरते. हा युक्तिवाद आम्हांस सच्चा वाटतो. दस्तऐवजावरील सही दुसऱ्याची निघाली, एवढ्याने आतील मजकूर खोटा ठरत नाही.

परंतु कर्तव्य निराळे आणि प्रेरणा निराळी. प्रेरित म्हटलेल्या वचनाची उलटतपासणी कोण घेणार? आणि चिकित्सा तर उलटतपासणीवरच जगते. स्मिथ यांनी ज्यांची मांडणी उचलून धरली त्या वेलहाउझेन यांचा सिद्धांत पुढील पिढ्यांनी जागोजागी खोडून काढला. मग प्रेरणा कोणत्या आवृत्तीस लावावी? खुद्द वेलहाउझेन १८८२ मध्ये धर्मशास्त्राचे आसन सोडून गेले. आपल्या शिकवणीने विद्यार्थी चर्चच्या सेवेस नालायक होतात, असे त्यांना वाटले. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

स्मिथ यांच्या ग्रंथात दोषही आहे. संदेष्ट्यांची वाणी ते उंच चढवितात आणि पुरोहितांचा विधिनियम खालच्या पायरीवर बसवितात. हा निवाडा इतिहासाचा म्हणून दिला आहे. त्यात प्रॉटेस्टंट आवडनिवड किती, याचा हिशेब नाही. देवळातील पूजाक्रमात वाढलेल्या आमच्यासारख्या वाचकास ती मेख चटकन दिसते. अशी आवडनिवड ईश्वरी प्रेरणेच्या नावाने पुढे आली असती तर तिजविरुद्ध अपील तरी कोठे करावयाचे?

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्यास कोणी पाखंड म्हटले नाही. ते काम वारकऱ्यांस सेवा वाटले. अर्थात् नाथांनी पाठ शोधला, कर्ता कोण हे विचारले नाही. म्हणून हा दाखला स्मिथ यांच्या खटल्यास अर्धाच लागू पडतो.

रोमन कॅथलिक चर्चने १९४३ च्या परिपत्रकाने संशोधकांस मूळ भाषा व लेखनप्रकार अभ्यासण्यास उत्तेजन दिले. १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ने तर पवित्र ग्रंथांच्या मानवी लेखकांस खरे लेखक म्हटले. प्रेरणा मात्र त्या लेखकांपाशीच ठेवली, संशोधकांस वाटून दिली नाही. स्मिथ १८९४ मध्येच वारले होते. त्या वेळी ते केंब्रिजला अरबीचे अध्यापक होते.