अन्नदान : घेणाऱ्याच्या बाजूने

अन्नदानावर मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतेक देणाऱ्याच्या बाजूने लिहिले गेले. कीर्तनात, पोथीत, शाळेच्या क्रमिक पुस्तकात दान सद्गुण म्हणून आले. आणि सद्गुण कोणाचा, तर देणाऱ्याचा. घेणारा तेथे ओंजळीपुरता उरला. त्या ओंजळीमागे माणूस आहे, त्याला मिळालेल्या भाकरीबद्दल स्वतःचे मत आहे, हे मराठी वाचकाला सांगितले ते दलित साहित्याने. आज आमच्या मराठवाड्यात रोटी बँक, अन्नछत्र, भोजनदान यांचे कौतुक गावोगाव चालू आहे. या कौतुकाची तपासणी घेणाऱ्यांच्या साहित्याच्या कसोटीवर झाली पाहिजे, असे मला वाटते.

पहिली कसोटी 'बलुतं' या नावातच आहे. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली आले. बलुते म्हणजे गावकीच्या कामाचा मोबदला. पण हा मोबदला कामाच्या हिशेबाने हातावर पडत नसे. तो दारोदार उभे राहून, जोहार घालून मागावा लागे. कष्टाचे मोल भिकेच्या रूपात देणे, ही गावगाड्याची सर्वांत धूर्त युक्ती होती. मोल दिले की घेणारा हिशेब विचारतो. भीक घातली की त्याला फक्त आशीर्वाद देता येतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये येसकराच्या पाळीचे आणि घरोघर फिरून गोळा केलेल्या भाकरीचे जे चित्र येते, ते वाचताना टोपलीत पडलेली भाकर कोणाच्या घामाची होती, हा प्रश्न टाळता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडा असे सांगितले. उपाशी माणसाला तुकडा सोडायला सांगणे वरवर पाहता कठोर वाटते. परंतु तुकडा घेत राहिलो तर मोल कधीच मागता येणार नाही, हे त्यामागचे अर्थशास्त्र होते.

दुसरी कसोटी पंगतीची. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुलांनी खाऊन उरलेले अन्न महारांच्या मुलांना दिले जाते. या प्रसंगात कोणीही क्रूर नाही. देणाऱ्यांचा हात आखडता नाही, शिव्या नाहीत, मारहाण नाही. आणि म्हणूनच तो प्रसंग मला अत्याचाराच्या अनेक वर्णनांपेक्षा भयंकर वाटतो. येथे दया आहे आणि दयेच्या जोडीला वेगळी पंगतही आहे. दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत; किंबहुना वेगळी पंगत शाबूत आहे म्हणूनच दया करणे सोपे जाते.

तिसरी कसोटी पात्रतेची आहे आणि ती आमच्या लातूरच्या मातीतून आली आहे. लक्ष्मण गायकवाड धनेगावचे. त्यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण उचल्याच्या कपाळावरचा शिक्का कायद्याने पुसला नाही. भिकाऱ्याला भाकर मिळते. उचल्याच्या वाट्याला संशय येतो. गरीब असावे, पण सज्जन असावे, हात जोडणारे असावे, ही दानाची न लिहिलेली अट 'उचल्या' वाचल्यावर उघडी पडते. भूक सर्वांना सारखी लागते. दान मात्र माणूस पाहून दिले जाते.

चौथी कसोटी चवीची. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करते. जेवणापूर्वी म्हणायच्या श्लोकाला शीर्षकातच दिलेले हे उत्तर आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांपासून तेला-तुपाविना रांधलेल्या कालवणापर्यंत जे जे त्यात आहे, ते वाचून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्यांना आपण घेणारे म्हणतो त्यांचीही चूल होती, रांधण्याचे ज्ञान होते, आवड-निवड होती. दान देणारा मात्र धरून चालतो की भुकेल्याला चव नसते. काय शिजवायचे ते देणारा ठरवतो, सात्त्विक काय तेही तोच ठरवतो. तू काय खातोस, असे घेणाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही.

आता या कसोट्या आजच्या उपक्रमांना लावून पाहू. २०१५ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. घरातल्या ताज्या पोळ्या लोकांनी आणून द्यायच्या, गरजूने येऊन न्यायच्या. उष्टे-शिळे नको, हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. कोणाचे तरी पोट त्या रात्री भरते, ही गोष्ट उपहासाने उडवून लावण्यासारखी नाही. पण हा शब्द आता सगळीकडे रुळला आहे, म्हणून शब्दाचा विचार केला पाहिजे. बँक म्हटली की ठेवीदार आला, पासबुक आले. ठेवीदार खिडकीशी ताठ उभा राहतो, कारण आत त्याचेच पैसे आहेत. रोटी बँकेत ठेवणारा एक आणि नेणारा दुसरा. नेणाऱ्याचे खाते नाही. उद्या पोळ्या आल्या नाहीत तर तो कोणाला जाब विचारणार?

याउलट नांदेडचे उदाहरण पाहा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे येथे निधन झाले. त्या सचखंड हुजूरसाहिबच्या परिसरात लंगर चालतो. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू शहरात अडकून पडले, तेव्हा त्यांना लंगराचा आधार होता. लंगरात जात विचारत नाहीत. सर्वजण एका ओळीत जमिनीवर बसतात. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की जेवून उठलेला माणूस भांडी घासायला, वाढायला जाऊ शकतो. घेणारा आणि देणारा या दोन जाती तेथे कायमच्या ठरलेल्या नाहीत. पंगतीची कसोटी लंगर उतरतो. तरीही लंगराबाहेर पडलेला मजूर पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहतो. पंगत समान झाली म्हणून मजुरी समान होत नाही.

लातूरला दानाचे माप आम्ही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. साऱ्या देशातून आणि परदेशातून मदतीचा ओघ लागला. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाची घरे बांधली गेली, तेव्हा त्यांचे तीन आकार ठरले : २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला सर्वांत लहान, मोठ्या जमीनदाराला सर्वांत मोठे. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच रात्री भुईसपाट केली; मदतीने ती पुन्हा आपापल्या मापाने उभी केली. अन्न देताना माप निदान पोटाचे असते; घर देताना ते सातबाऱ्याचे झाले.

मग दानाला पर्याय कोणता? तोही याच महाराष्ट्रात सापडतो. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडून लोकांनी मजुरी मिळवली. रेशनवरच्या लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती, पण ती कोणाच्या पुण्याईची नव्हती. त्यातून रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिले. धान्य मिळाले नाही तर भत्ता मागता येतो, तक्रार करता येते, दुकानपातळीवर दक्षता समिती असावी लागते. हे अन्न पुष्कळदा निकृष्ट असते, यादीतून नाव गळते, यंत्रावर अंगठा उमटत नाही. हे सारे खरे. पण या अन्नाबद्दल भांडता येते. खिचडीत मीठ कमी पडले म्हणून दात्याशी कोण भांडेल?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी आहे. आता आपल्यातही नोकरदार वर्ग तयार झाला आहे. १४ एप्रिलला आपल्याही चौकात कढया चढतात, भोजनदान होते आणि फलकावर दात्यांची नावे व छायाचित्रे झळकतात. समाजाचे ऋण फेडण्याची ही भावना खरी आहे, याविषयी मला शंका नाही. पण ऋण फेडणारा सावकाराचे आभार मानतो, की आपला फोटो लावतो? ज्या समाजाने 'बलुतं' लिहिले, त्याने पंगतीत बसलेल्यांना पुन्हा जोहार घालायला लावू नये. कढई जरूर चढवा; भुकेला वाट पाहायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र ताटाबरोबर छायाचित्र घेऊ नका. वाढणाऱ्यांनी त्याच ओळीत बसून जेवावे. आणि त्याच मंडपात एक टेबल असे टाकावे, जेथे कोणाचे नाव शिधापत्रिकेवरून गळले, कोणाची मजुरी थकली, याची नोंद होईल. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन तहसीलवर जावे. एका दिवसाच्या जेवणाने उपकार होतो. त्या वहीने हिशेब सुरू होतो. आणि आपल्या माणसांना हिशेबच नाकारला गेला होता.