काळे पाणी आणि मराठी गद्य : ‘माझी जन्मठेप’मधील सामान्य बंदिवान

१

समुद्रापार जन्मठेप भोगणाऱ्या माणसाचे जे चित्र मराठी वाचकाच्या मनात आहे, ते मुख्यतः एका ग्रंथाने रेखाटलेले आहे. विनायक दामोदर सावरकर यांचा ‘माझी जन्मठेप’ हा ग्रंथ प्रथम ‘केसरी’तून क्रमशः व नंतर १९२७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हापासून काळे पाणी म्हटले की अंदमान, अंदमान म्हटले की सेल्युलर तुरुंग आणि त्या तुरुंगात राजबंदी, असे समीकरण मराठीत रूढ झाले. या ग्रंथावर जे विवेचन झाले तेही बहुतांशी ग्रंथकर्त्याच्या धैर्याचे, त्याच्या राजकारणाचे किंवा त्याच्या ओजस्वी भाषाशैलीचे. वस्तुतः १८५८ पासून अंदमानात पाठविलेल्या बंदिवानांत राजबंद्यांची संख्या अत्यल्प होती. १९०१ च्या शिरगणतीच्या वेळी पोर्ट ब्लेअरच्या वसाहतीत सुमारे बारा हजार शिक्षा झालेले बंदिवान होते. त्यांतील बहुसंख्य खून, दरोडा अशा गुन्ह्यांसाठी आलेले, निरक्षर आणि खेड्यापाड्यांतील होते. या सामान्य बंदिवानाला मराठी गद्यात कोणते स्थान मिळाले आणि ते तसेच का मिळाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

हा प्रश्न दूरच्या बेटांचा असला तरी त्याचे एक टोक मराठवाड्यात आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्ग हे मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केले. त्यांपैकी धाराशिव व रायचूर हे १८६० मध्ये परत गेले. या अवधीत नळदुर्गाच्या किल्ल्यावर राहून या टापूचा कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ (१८६३) ही कादंबरी लिहिणारा टेलर त्यापूर्वीच ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीने इंग्लंडात प्रसिद्धीस आला होता. त्या कादंबरीचा निवेदक अमीर अली हा माफीचा साक्षीदार आहे. तो आपली हकीकत साहेबाला सांगतो आणि साहेब ती लिहून घेतो.

या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ठगांवरील खटल्यांत काहींना फाशी झाली, काहींना समुद्रापार धाडण्यात आले आणि जे माफीचे साक्षीदार झाले त्यांना जबलपूरसारख्या ठिकाणी जिवंत ठेवण्यात आले. म्हणजे ज्याला बोलते केले गेले तो मागे राहिलेला होता. जो जहाजावर चढला त्याचे निवेदन कोणाला नको होते. समुद्रापार धाडण्याची शिक्षा ही देहाची हद्दपारी होती, तशीच ती वाणीचीही हद्दपारी ठरली. तेरणेच्या काठच्या माकणीसारख्या गावापासून जवळात जवळचा समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. अशा गावच्या माणसाला समुद्र हाच मुळी ऐकीव. त्यापलीकडे गेलेल्याची वार्ता परत येण्याचा मार्ग त्याहून दुर्लभ.

मुंबई इलाख्यातील बंदिवानांची रवानगी अंदमानच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातील बंदिवान बेंकूलेन, पिनांग व पुढे मलाक्का, सिंगापूर येथे जात होते. १८१५ नंतर मॉरिशसला बंगाल व मुंबई या दोन इलाख्यांतून सुमारे दीड हजार बंदिवान गेले. रस्ते बांधणे, दलदल भरून काढणे, इमारती उभारणे ही कामे त्यांच्याकडून करून घेतली गेली. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज हे मोठे ख्रिस्तमंदिर हिंदी बंदिवानांच्या श्रमातून उभे राहिले. १८३६ मध्ये मॉरिशसला थांबलेल्या चार्ल्स डार्विनने या बंदिवानांच्या उमद्या चेहऱ्यांची नोंद आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. एवढी मोठी घटना, पण तिचे वर्णन परक्याच्या लेखणीतून. त्यात मराठी बोलणारा बंदिवान स्वतःच्या शब्दांत कोठेही भेटत नाही.

३

ज्यांनी स्वतः लिहिले ते कोण, हे पाहिले म्हणजे वरील विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १८५७ नंतर अंदमानात गेलेले फज्ले हक खैराबादी हे अरबीचे विद्वान. तेथे सतरा वर्षे काढून १८८३ मध्ये परतलेले मौलाना जाफर थानेसरी हे तेथील कचेरीत लेखनिक म्हणून काम केलेले. बंगालीत ‘निर्वासितेर आत्मकथा’ (१९२१) लिहिणारे उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय आणि इंग्रजीत आपली कहाणी सांगणारे बारींद्रकुमार घोष हे दोघेही सुशिक्षित क्रांतिकारक. मराठीत सावरकरांच्या आधीचे उदाहरण वासुदेव बळवंत फडके यांचे. त्यांचे आत्मवृत्त व दैनंदिनी १८७९ मध्ये सरकारच्या हाती लागली आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. परंतु हे लेखन अटकेपूर्वीचे आहे. १८८० मध्ये एडनला नेल्यापासून १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच मृत्यू येईपर्यंतचा त्यांचा काळ या लेखनाच्या कक्षेबाहेर राहतो. सारांश, लिहिण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या : अक्षरज्ञान आणि परतीची वाट. सामान्य बंदिवानाजवळ बहुधा पहिली नसे आणि दुसरी फार थोड्यांना लाभे.

४

‘माझी जन्मठेप’कडे या दृष्टीने पाहिले असता त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच कारणातून उद्भवल्याचे दिसते. ते कारण म्हणजे तुरुंगाची भिंत. ४ जुलै १९११ रोजी सावरकर पोर्ट ब्लेअरला पोहोचले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या, मधल्या मनोऱ्याभोवती सात पाखे पसरलेल्या त्या इमारतीत प्रत्येक बंदिवान एकेका कोठडीत वेगळा ठेवण्याची योजना होती. सामान्य बंदिवानाला येथे साधारणपणे आरंभीचे काही महिने काढावे लागत. पुढे त्याला वसाहतीतील कामावर पाठवीत. जंगलतोड, बांधकाम, शेती यांत राबल्यावर, वर्तणूक चांगली असेल तर सुमारे दहा वर्षांनी त्याला तिकीट मिळे. तो स्वतःची उपजीविका करू शके, लग्न करू शके, घर मांडू शके. राजबंद्यांना मात्र ही सवलत नाकारून तुरुंगातच ठेवण्यात आले, ही सावरकरांची वारंवार येणारी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

परंतु या तक्रारीचा दुसरा अर्थ समीक्षकाने लक्षात घ्यावयास हवा. राजबंद्याच्या दृष्टीने सेल्युलर तुरुंग हाच अंदमान होता. सामान्य बंदिवानाच्या दृष्टीने तो अंदमानचा केवळ उंबरठा होता. त्याचे खरे आयुष्य भिंतीच्या बाहेर सुरू होई, आणि तेथे ग्रंथकर्त्याची दृष्टी क्वचितच पोहोचू शके. त्यामुळे या ग्रंथात सामान्य बंदिवान दिसतो तो कोलू फिरविताना, काथ्या कुटताना, पेटी ऑफिसरच्या शिव्या खाताना किंवा स्वतः पेटी ऑफिसर होऊन शिव्या देताना. तिकीट मिळालेला, बायको-मुलांसह शेती करणारा, म्हातारपणी त्याच मातीत मिसळणारा बंदिवान त्यात अस्पष्ट राहतो. स्त्री-बंदिवानांचे जीवन तर जवळजवळ ऐकीव माहितीच्या पातळीवरच उरते.

भिंतीच्या आत मात्र हा ग्रंथ असामान्य तपशील देतो. दिवसाला तीस पौंड तेल काढण्याची कोलूची सक्ती, कांजीचे जेवण, निरोप पोहोचविण्याच्या युक्त्या, वर्षातून एकदा मिळणारे पत्र, भिंतीवर कोरून पाठ केलेल्या कविता, बारीसाहेबाचा दिमाख, इंदुभूषण राय यांची आत्महत्या, उल्लासकर दत्त यांना लागलेले वेड — या सर्व वर्णनांतील राजबंद्याचे दुःख वाचकाच्या मनात ठसते. पण त्याच पानांवर कडेला उभी असलेली माणसेही आहेत. चिठ्ठी पोहोचविणारा, धोका पत्करून बातमी सांगणारा, पाटीवर अक्षरे गिरविणारा हा कोण, कोठला, कोणत्या गुन्ह्यासाठी आलेला, याचे उत्तर मिळतेच असे नाही. त्यांच्याविषयी ग्रंथाचा भाव दुहेरी आहे : एकीकडे त्यांच्या अधमपणाची किळस, दुसरीकडे त्यांच्या साहाय्याविषयी कृतज्ञता आणि त्यांना शिकवून माणसात आणण्याची तळमळ. या दोन्ही भावनांत तो बंदिवान कर्ता होत नाही. त्याच्यावर काहीतरी केले जाते.

५

ग्रंथातील पेटी ऑफिसर, टिंडाल व जमादार यांच्या चित्रणाचाही येथे पुनर्विचार होणे अगत्याचे आहे. बंदिवानांतूनच नेमलेल्या या रखवालदारांचा जुलूम सावरकरांनी प्रत्ययकारी रीतीने वर्णिला आहे. पण त्याचे मूळ ते मुख्यतः त्या माणसांच्या स्वभावात आणि पुष्कळदा त्यांच्या धर्मात शोधतात. इतिहास वेगळे सांगतो. बंदिवानांवर बंदिवानच रखवालदार नेमण्याची पद्धत सिंगापूर-पिनांगच्या वसाहतींत अंदमानच्या आधीच रूढ झाली होती. तेथील अधिकारी मॅकनेअर याने १८९९ मध्ये तिच्या गौरवार्थ ग्रंथ लिहिला व त्याच्या शीर्षकातच बंदिवान हेच आपले रखवालदार असल्याचे नमूद केले. काटकसर हा तिचा हेतू होता. एका बंदिवानाला थोडा अधिकार देऊन दहांना ताब्यात ठेवणे हे तिचे तंत्र. अंदमानात ती आली ती तयार स्वरूपात. मिर्झाखानासारखा जमादार हा या यंत्राचा चालक तसाच त्याचा बळीही होता. तोही शिक्षा होऊनच आलेला. ज्याच्या पाठीवर कोलूचे जू आहे त्याने यंत्राचा इतिहास सांगावा ही अपेक्षा अन्यायाची होईल. पण आजच्या अभ्यासकाने तेवढ्यावरच थांबणेही तितकेच अनुचित होय.

६

यावर एक आक्षेप संभवतो. आत्मचरित्राने स्वतःविषयीच बोलावे; जमावाचे चित्र काढणे हे त्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. आक्षेप तत्त्वतः मान्य करण्याजोगा आहे. तथापि खुद्द सावरकरांना ही उणीव जाणवली असावी, असे मानण्यास आधार आहे. ‘काळे पाणी’ (१९३७) या कादंबरीत त्यांनी राजबंद्याला मध्यभागी न ठेवता सामान्य गुन्हेगारांची आणि मालतीसारख्या स्त्रीची कथा सांगितली. तुरुंगाबाहेरची वसाहत, जंगल आणि तेथील आदिवासी यांना कथानकात आणले. जे आत्मचरित्राला भिंतीमुळे अशक्य होते ते कल्पनेच्या आधारे साधण्याचा हा प्रयत्न होय. कादंबरीच्या रचनेत योगायोगांची रेलचेल आहे, व्यक्तिरेखा काळ्या-पांढऱ्या रंगांत विभागल्या आहेत, बोधाचा भार जड आहे; हे दोष खरे. तरी ‘माझी जन्मठेप’ आणि ‘काळे पाणी’ हे ग्रंथ परस्परपूरक म्हणून वाचल्यास मराठी गद्याने सामान्य बंदिवानापर्यंत पोहोचण्यासाठी केलेली धडपड लक्षात येते.

७

ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून १९५५ च्या दुरुस्तीने नाहीशी झाली आणि १९५६ च्या आरंभापासून तिची जागा आजन्म कारावासाने घेतली. शब्द मात्र राहिले. ‘जन्मठेप’ हा शब्द आज न्यायालयाच्या बातमीत रोज येतो; त्यातील समुद्र निघून गेला आहे. क्लेअर अँडरसन यांच्यासारख्या संशोधकांनी जहाजांच्या याद्या, तुरुंगांच्या नोंदवह्या आणि अर्ज यांवरून मॉरिशस व अंदमान येथील सामान्य बंदिवानांची चरित्रे जुळविण्याचा मार्ग दाखविला आहे. मराठीच्या अभ्यासकापुढील काम त्याला पूरक पण वेगळे आहे. कागदपत्रांत नाव, वय, उंची, गुन्हा आणि व्रण सापडतील. माणसाची भाषा सापडणार नाही. ती ‘माझी जन्मठेप’च्या कडेला, दुसऱ्याच्या वाक्यांत, अर्धवट संवादांत विखुरलेली आहे. नायकाकडे पाहण्याची सवय क्षणभर बाजूला ठेवून त्या कडेच्या माणसांसाठी हा ग्रंथ पुन्हा वाचला गेला पाहिजे. त्याने ग्रंथकर्त्याचे मोठेपण उणे होत नाही. ज्यांच्या साक्षीने त्याने ते दुःख सोसले, त्या नाव नसलेल्या साक्षीदारांचे ऋण तेवढे मान्य होते.