गोरमाटी : नाव कोणाचे, कोणी ठेवलेले?

जळकोट-नळदुर्ग परिसरातील तांड्यांना आपण सरसकट ‘लमाण तांडे’ म्हणतो. हे नाव त्या लोकांनी स्वतःस घेतलेले नाही. ‘लमाण’ची व्युत्पत्ती बहुधा ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दापासून सांगतात, ‘बंजारा’ची वाणिज्यापासून. दोन्ही नावे धंद्यावरून पडलेली. ते लोक आपसात स्वतःला ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणतात आणि बाहेरच्याला ‘कोर’. म्हणजे प्रस्तुत लेखक व बहुतेक वाचक ‘कोर’च!

अमेरिकेतील नवाहो लोकांची गत हीच. ‘नवाहो’ हा शेजारच्या तेवा भाषेतून स्पॅनिशमार्फत आलेला शब्द; ते स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘लोक’, म्हणवतात. ॲरिझोनातील सेंट मायकल्स मिशनच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १९१० साली त्या भाषेचा मोठा कोश छापला. काम कष्टाचे व प्रेमाचे. मुखपृष्ठावर नाव मात्र परक्यांनी दिलेले.

आपल्याकडे ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली व खानदेशी यांच्या शेजारी ‘बंजारी अथवा लभाणी’ आहे. तांड्यावरची बोली म्हणजे बिघडलेली मराठी, हा आपल्याकडचा आवडता समज या ग्रंथाने फार पूर्वीच खोडून काढला. ती राजस्थानी-गुजरातीच्या कुळातली. या सर्वेक्षणासाठी बोलीबोलींतून मागविलेला ठराविक नमुना होता लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. निवड सोयीची असेल, पण आपल्या विषयाला ती विलक्षण लागू पडते. त्या दाखल्यात थोरला मुलगा धाकट्याला ‘भाऊ’ म्हणत नाही. ‘हा तुमचा मुलगा’ असे बापाला तोडून बोलतो. बाप उत्तर देताना नाते दुरुस्त करतो : हा तुझा भाऊ. ‘लमाण’ म्हणताना आपला सूर पुष्कळदा त्या थोरल्याचा असतो.

नावाची किंमत कागदावरही मोजावी लागते. २०११ च्या जनगणनेत हीच भाषा दोन नावांनी विभागली गेली : ‘लमाणी/लंबाडी’ बोलणारे ३२ लाखांवर, ‘बंजारी’ बोलणारे १५ लाखांवर, आणि दोहोंची गणना हिंदीच्या पोटात! सवलतींचेही तेच. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत, सीमेपलीकडे कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. सोयरीक मात्र तिन्ही राज्यांत.

या पार्श्वभूमीवर आत्माराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाचे शीर्षक मला अर्थपूर्ण वाटते. त्यांनी ना ‘लमाण’ निवडले, ना ‘बंजारा’. तांडा म्हणजे मुळात धान्य-मीठ वाहणाऱ्या बैलांचा चालता काफिला. आगगाडी आली, तो व्यापार बसला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या लोकांवर संशयाचा शिक्का मारला, आणि काफिल्याचा शब्द स्थिर वस्तीला चिकटला. एवढा इतिहास कोणत्याही जातिवाचक नावात मावला नसता.

मराठी समीक्षेने अशा आत्मकथनांतील दुःखाचे पुष्कळ कौतुक केले. बोलीकडे मात्र तळटीपेपुरतेच पाहिले. ‘याडी’ला ‘आई’ असा अर्थ दिला की आपले काम संपते. तांड्यावरचे मूल शाळेत पहिल्या दिवशी ‘याडी’ म्हणते आणि वर्ग हसतो, याची दखल समीक्षेत कोठे आहे?